दगड मारा, पण खुर्ची नको!

...आन् तरी लोक मलाच इचारत्यात, "खरंच असं म्हणला व्हय?" अहो, म्हणला! भर बाजारतळावर, शेकडो माणसाच्या म्होरं, झेडपीला उभा राहिलेला उमेदवार, चांगदेव आप्पा, दोन्ही हात वर करून, गळ्याच्या शिरा ताणून वरडला, "दगड मारा रे, दगड मारा! पण खुर्ची नको!" आता तुम्हीच सांगा, शाण्यासुरत्या माणसाच्या तोंडातनं असं निघतंय का? ...हसू नका! तिथं रगात सांडलंय, म्हाताऱ्या माणसाचं सांडलंय, आन् तुम्ही दात काढताय?

थांबा, पहिल्यापासनं सांगतो, न्हाईतर तुम्ही म्हणाल हा मधनंच सुटला. तर आमचा चांगदेव आप्पा म्हंजी वडगाव रासाईकडचा बडा असामी. नदीच्या ह्या अंगाला मंडप, खुर्च्या, कढया, लाऊडस्पीकर, नदीपल्याड भांडगावला हायवेवर हॉटेल, पाण्याच्या जारचा प्लँट, वर आन् फ्लेक्स छापायचं मशीन. मंडपाचा धंदा बायकोच्या नावावर, सुवर्णा वहिनीच्या. हरेक खुर्चीच्या पाठीवर लाल अक्षरात, "सुवर्णा मंडप". एवढ्या खुर्च्या घरात, पण आप्पाला पायजे व्हती ती एकच मिळंना. झेडपीची! दोन येळा तिकीट तोंडाशी येऊन दुसऱ्याच्या घरात गेलं. माणूस झोपेत बी "सन्माननीय सदस्य" म्हणायचा म्हणं, वहिनीच सांगती.

यंदा तिकीट मिळालं. पण पक्ष म्हणला, पैशाचं तुमचं तुम्ही बघा. आप्पानं छाती ठोकली, "पक्षाचा एक रुपया नको! ह्यो चांगदेव स्वतःच्या खिशातनं लढणार!" काय टाळ्या पडल्या राव! टाळ्या वाजवणाऱ्याला कुठं ठावं, की ह्या खिशातनं निघालेला पैसा दोन बोटं सरकून त्याच खिशात पडणार हाय. मंडप कुणाचा? आप्पाचा. स्पीकर? आप्पाचा. फ्लेक्स? पाणी? जेवण? आप्पा, आप्पा, आप्पा! स्वतःच गिऱ्हाईक, स्वतःच मालक, स्वतःच बिल फाडायचं आन् स्वतःच म्हणायचं, "जरा जास्तच लावलं, पण असू दे, घरचं हाय, घरातच राहू दे!"

हे वाक्य त्याचं न्हाई बरं का. त्याच्या चुलत्याचं, भिमाजी आबाचं. आप्पाचा बाप लवकर गेला, आबानं त्याला वाढवला, खांद्यावर बसवून शाळंत न्हेला. आन् शिकवण काय दिली? "चांगदेवा, बैलानं शेण टाकलं तरी आपल्या रानात टाकावं. घरचं हाय, घरातच राहू दे!" पोरगं शिकलं. लई शिकलं.

आता इलेक्शन म्हंजी काय असतं गावाला? दुसरी दिवाळी! वाजंत्रीवाल्याला काम, खाटकाला काम, जीपवाल्याला काम, घोषणा देऊन घसा बसलेल्याला चहा. आप्पानं समद्यांची दिवाळी आपल्या घरात कोंडली. मंग काय, वाजंत्री गेली शंकररावाकडं, खाटीक गेला, जीपा गेल्या. शंकरराव म्हंजी आप्पाच्या इरोधातला उमेदवार. साधा ऊसवाला माणूस. त्याच्याकडं उसाशिवाय काय बी न्हाई, म्हणून बिचारा समदं इकत घ्यायचा आन् गाव खुश व्हायचं. आप्पाकडं उरली घरची पोरं, आन् त्यांचा म्होरक्या ज्योतिबा. ज्योतिबा म्हंजी आप्पानं हिरीत उडी मार म्हणलं तर कपडे काढू का तसाच मारू, एवढंच इचारणारा गडी. ह्या पोरांना जेवण काय? खिचडी. रोज खिचडी! हॉटेलातलं उरलेलं त्यात ढकलायचं, वर कोथमीर.

आन् मंग आला प्रचाराचा शेवटचा दिस. शंकररावाची मोठी सभा बाजारतळावर. त्याला पायजेत खुर्च्या. अख्ख्या नदीकाठाला एवढ्या खुर्च्या कुणाकडं? त्याचा माणूस आला गुपचूप वहिनीकडं. वहिनी आप्पाला म्हणली, "अहो, देऊ नका. आपल्याच खुर्चीवर बसून ते आपल्यालाच शिव्या देणार." आप्पा काय म्हणला असंल? "अगं येडे, शिव्या हवेत जात्यात, भाडं घरात येतंय! दारी आलेली लक्ष्मी परत लावती का?" खुर्च्या दिल्या, वर स्पीकर बी दिला, दुप्पट भाडं लावलं! वर शंकररावानं बिर्याणीची ऑर्डर दिली, ती बी भांडगावच्या हॉटेलला. वहिनी म्हणली, "त्यांच्या बुडाखाली खुर्ची आन् आपल्या पोरांना सतरंजी?" आप्पा म्हणला, "सतरंजी बी घरचीच हाय!"

झालं. आप्पाची पोरं पुलाजवळ सतरंजीवर बसल्यात, पोटात कावळं, ऊन मी म्हणतंय. तेवढ्यात पुलावरनं टेम्पो आला. आप्पाच्या हॉटेलचा! आन् वास... काय वास सुटला म्हणता! तूप, केशर, मटण! पोरं उठली, ज्योतिबाच्या तोंडाला पाणी सुटलं, "बघा रे, मी म्हणलो नव्हतो का? आप्पानं शेवटच्या दिसाला मन मोठं केलं!" टेम्पो थांबंना. ज्योतिबा आडवा झाला. ड्रायव्हर कोरेगाव भीमाच्या कंपनीतनं नुकताच हॉटेलात आलेला भय्या, त्याला काय राजकारण ठावं? मान बाहेर काढून म्हणला, "अरे भाई, हटो, ये शंकरराव सेठ का ऑर्डर है. आपका खिचडी पीछे आ रहा है."

बास! अहो, बाप मेल्यावर नसतं येत तसलं पाणी ज्योतिबाच्या डोळ्यात आलं. "खिचडी? आज बी खिचडी?" त्यानं टेम्पोतला हातभर झारा उपसला आन् पळाला बाजारतळाकडं, मागनं पोरं, कुणाच्या हातात झेंड्याची काठी, कुणाच्या हातात उसाचं टिपरू, त्यांच्या मागं टेम्पो, त्या बिचाऱ्याला बी तिकडंच जायचं व्हतं!

पहिला झारा बसला शंकररावाच्या वाजंत्रीवाल्याला. का त्याला? तो म्होरं व्हता म्हणून! ढोल फुटला, वाजंत्रीवाल्यानं टिपरीनं ज्योतिबाच्या नडगीवर वाजवलं, खाटकानं एकाला मानगुटीला धरून बोकडागत आडवा केला, उसाची टिपरं पाठीवर तुटाय लागली, कुणाचा कान फाटला, कुणाचा दात पडला, एक जण तर निस्तंच "आई, आई" करीत गोल फिरत व्हता, डोळ्यात रगात गेलेलं, दिसंना काय. आन् मंग कुणीतरी पहिली खुर्ची उचलली. कडाक्! दुसरी, कडाक्!

तेवढ्यात आप्पा पोचला. उमेदवार हाय, हात जोडावं, "शांत व्हा" म्हणावं! पण त्याच्या कानात निस्तं कडाक् कडाक्, आन् हर कडाक्ला जीव तुटतोय! "ए! ती नव्या लॉटमधली हाय! ए भाड्या, पाय मोडला बघ तिचा!" शंकररावाच्या एका माणसाच्या हातातनं खुर्ची ओढतोय, त्या माणसानं आप्पाच्या पेकाटात लाथ घातली तरी खुर्ची सोडंना! माणसं मरायला लागल्यात आन् हा खुर्च्या गोळा करून एकात एक रचतोय! शेवटी राहवंना, स्टेजवर चढला, शंकररावाच्याच माईकवर, म्हंजी भाड्यानं दिलेल्या आपल्याच, म्हणला, "अरे, भांडा! पण घरचं हाय रे ते! दगड मारा, दगड मारा! पण खुर्ची नको!"

आन् तुम्हाला सांगतो, अख्ख्या प्रचारात पोरांनी त्याचं ऐकलं ते एवढंच. रस्त्याच्या कामाची खडी पडलेलीच व्हती बाजूला. अहो, आभाळ दिसंना! शंकररावाचा चष्मा फुटला, खाटकाची बरगडी गेली, बाया लेकरांना पोटाशी धरून स्टेजखाली शिरल्या. एकच माणूस जाग्यावरनं हलला न्हाई. पहिल्या रांगेत, खुर्चीत, टेम्पो पोचताच ड्रायव्हरकडनं मागून घेतलेली बिर्याणी मांडीवर घेऊन. भिमाजी आबा! इरोधकाच्या सभेत काय करत व्हता इचाराल तर सकाळीच म्हणलेला, "बिर्याणी आपल्या हॉटेलची, खुर्ची आपली. घरचंच हाय, खाल्लं तर काय बिघडलं?"

ज्योतिबानं दगड भिरकावला शंकररावाच्या दिशेनं. लागला आबाला. डोळ्यावर. ताट उपडं झालं, धोतरावर भात आन् भातावर रगात, आन् आबा खुर्चीसकट मागं कलंडला.

आप्पानं स्टेजवरनं उडी टाकली. "आबा! आबा, माझ्याकडं बघा!" कुठनं बघणार? बोटामधनं रगात भळभळ वाहतंय. ज्या खांद्यावर बसून शाळंत गेला तो खांदा मांडीवर घेऊन पोरासारखा रडाय लागला. मान वर केली तर म्होरं ज्योतिबा उभा, हातात दुसरा दगड.

आन् मंग आप्पानं काय केलं? खुर्ची उचलली! जी मोडू नये म्हणून माणसाला दगड मारा म्हणला, तीच उचलून ज्योतिबाच्या तोंडावर घातली. मोडली. दुसरी घेतली, घातली, मोडली. तिसरी घेतली. शंकररावाची माणसं "आप्पा, सोडा, मरंल तो!" म्हणत मागनं आवळायला लागली, तरी ह्याचं चालूच, रडतोय आन् मारतोय, मारतोय आन् रडतोय. ज्योतिबा खाली पडून, जबडा वाकडा, फुटक्या तोंडानं एकच म्हणतोय, "आफ्फा, तुमीफ म्हनला ना... दगफ मारा..."

पोलीस आले आन् न्हेलं आप्पाला. रातीपर्यंत समद्यांच्या मोबाईलवर दोन व्हिडिओ, एकात "दगड मारा", दुसऱ्यात स्वतः खुर्ची मारतोय. फिर्याद दिली कुणी? ज्योतिबानं! घरचाच माणूस, घरचीच फिर्याद. निकाल काय लागायचा तो लागला, शंकरराव झेडपीत गेला.

जामिनावर सुटून आप्पा पहिला दवाखान्यात गेला. आबाचा एक डोळा गेला तो गेलाच. दुसरा उघडून म्हातारा म्हणला, "खुर्च्या मोडल्या म्हणं?" आप्पा म्हणला, "मोडल्या, आबा. मीच मोडल्या." आबानं आप्पाचा हात चाचपून धरला, म्हणला, "मोडू दे, पोरा. मीच तुला वंगाळ शिकीवलं." आन् आप्पा म्हणं तिथं फरशीवर बसून हुंदके देत व्हता, नर्सबाई रागं भरली तरी उठंना.

आता दर सोमवारी हजेरी हाय त्याला पोलीस चौकीत. मोडक्या, धडक्या, समद्या खुर्च्या जप्त, मुद्देमाल म्हणून. आन् चौकीत बसायला खुर्च्या कमी व्हत्या, मंग काय, धड राहिलेल्या मुद्देमालावर जमादार बसतोय, शिपाई बसतोय, येणारा जाणारा बसतोय. परवाच्या सोमवारी आप्पा गेला तर जमादार म्हणला, "या आप्पा, बसा." आप्पानं पाठ बघितली. लाल अक्षरात, "सुवर्णा मंडप".

"साहेब, ह्या सुटणार कवा?" आप्पानं इचारलं.

जमादार म्हणला, "केस निकाली निघाल्यावर. पाच वर्षं तरी कुठं जात न्हाईत. निवांत टेका."

पाच वर्षं! झेडपीची बी मुदत तेवढीच, न्हाई का? आप्पानं खुर्चीच्या हातावरनं हात फिरवला, जरा डुगडुगती का बघितलं, आन् बसला. म्हणला, "टेकतो. घरचीच हाय."