घोडी उधळली नव्हती

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील निवृत्त अधिकारी, संघटनेचे सचिव, समोर बसलेले माजी सैनिक व त्यांच्या घरची मंडळी, आणि पहिल्या रांगेतून मला ‘मोठ्यानं बोल’ अशी खूण करणारे आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे आजोबा, सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. नातीनं चार गोड शब्द बोलावेत, असं सचिवांनी सुचवलंय. माझं काम पुलांच्या तपासणीचं आहे. त्यात गोड शब्द फारसे लागत नाहीत.

आत्ता वाचलेल्या मानपत्रात एक वाक्य होतं: ‘माघारीच्या धामधुमीत घोडी उधळून पुलाच्या तोंडावर आडवी झाली असता त्यांनी तिला धैर्याने आवरले.’ त्या वाक्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

घोडी उधळली नव्हती.

युद्धात घोडेस्वार लष्करी पोलिसाचं काय काम, असं मला बरेच जण विचारतात. माघारीत रस्ता तुंबतो. मोटारसायकलसुद्धा अडकते. घोडा मात्र कडेच्या शेतातून पुढे जातो, आणि त्याच्या पाठीवरून चार ट्रकांपलीकडचं दिसतं. म्हणून आजोबांना त्या लाकडी पुलावर नेमलं होतं. पुलावर एका वेळी दोनच ट्रक सोडायचे, असा लेखी हुकूम होता.

त्या दुपारी पुलावर जखमींचे दोन ट्रक होते. पुढच्याचं इंजिन बंद पडलेलं. तेवढ्यात मागून एका बड्या साहेबांची जीप आली, तिच्यामागे सामानानं भरलेले सहा ट्रक.

“बाजूला हो!”

“साहेब, पूल रिकामा झाला की लगेच सोडतो.”

“मी कोण आहे, माहीत आहे का तुला?”

“मला आहे, साहेब. पुलाला नाही.”

हसा, हसा. आजोबाही हे सांगताना एवढ्यापुरतेच हसतात. पुढचं सांगताना हसत नाहीत. त्यांनी घोडी रस्त्यात आडवी उभी केली. जीप पुढे सरकत सरकत तिच्या पोटाला टेकली. हॉर्न चालूच होता. लोक जखमींचा ट्रक ढकलत पलीकडे नेईपर्यंत, अकरा मिनिटं, ती घोडी एक पाऊल हलली नाही. मग आजोबांनी सलाम ठोकला आणि रस्ता मोकळा केला.

मी त्या पुलाचा जुना आराखडा मिळवला. हिशेब तीन वेळा केला. त्यावर तिसरा भरलेला ट्रक चढला असता, तर मधल्या तुळया मोडल्या असत्या. खाली जखमी माणसं गेली असती.

पण एका साध्या पोलिसानं साहेबांना अडवलं, हे कागदावर कसं येऊ द्यायचं? म्हणून चौकशीच्या अहवालात घोडी उधळली असं लिहिलं गेलं. आजोबांना सांगितलं, “सही कर आणि मोकळा हो. नाहीतर कोर्ट मार्शल. घोडीवर काय खटला चालणार आहे?” आजोबा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी सही केली. आठ दिवसांनी ‘स्वभावाने बेभरवशाची’ असा शेरा मारून घोडी पथकातून काढली. तिचा लगाम त्यांनाच उतरवायला लावला. तिला कुठे नेलं, ते मात्र सांगितलं नाही.

मी एकदा म्हटलं, “आजोबा, एका ओळीचं एवढं काय मनाला लावून घेता?”

ते म्हणाले, “तू न तपासलेल्या पुलाच्या कागदावर सही करशील का गं?”

“नाही.”

“मी केली. तीही जिनं मला पाठीवर घेऊन जीपचा रेटा सोसला, तिच्याविरुद्ध.”

जखमींच्या ट्रकच्या ड्रायव्हरची जबानी त्या चौकशीच्याच फायलीत आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय, ‘घोडी जागची हलली नाही.’ त्या जबानीची प्रत जोडून मी संघटनेला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं: ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.’ भावना? मी पुरावा पाठवला होता! मागच्या आठवड्यात तर मला फोनवर ऐकवलं गेलं, “अहो ताई, घोडीला कसला आलाय मान-अपमान?” आणि आज तीच खोटी ओळ सोनेरी अक्षरांत छापून आजोबांच्याच हाती देणार? ज्यांच्याकडून ती धमकावून घेतली, त्यांच्याच हाती? वर त्यांनी वाकून ती स्वीकारायची?

आजोबा मानाला हपापलेले नाहीत. ते आज इथे आलेत, ते वाक्य गेलं का, एवढंच पाहायला. सकाळपासून दोनदा विचारून झालं, “काढलं का गं ते?” ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना पुढच्या वर्षी या, असं सांगण्याची माझी तयारी नाही.

अध्यक्ष महोदय, माझी विनंती आहे, ते वाक्य आत्ता, इथे, सर्वांसमोर आपल्या हातानं खोडावं, बाजूला ‘घोडी हुकमानुसार उभी होती’ असं लिहावं आणि खाली आपली सही करावी. मानपत्र थोडं खराब दिसेल. चालेल आम्हाला.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. वेळ थोडा जास्त घेतला, आवाजही चढला असेल. वयानं लहान आहे, सांभाळून घ्या. जे सांगितलं त्यातला मात्र एकही शब्द मी मागे घेत नाही.

आजोबा, बसा. अजून उठू नका. अध्यक्षसाहेब पेन शोधतायत.