वाकडे काप

सात रस्त्याच्या थांब्यावर शकुंतलाबाईंनी पेपर उघडला खरा, पण कान मागच्या बाकावर होते. तिथं कलमं बांधणारे एक आजोबा आणि कृषी कॉलेजातली एक मुलगी बसली होती.

“हात लई थरथरतोय, ज्ञानदा. औंदा आंब्याचे काप वाकडेच गेले. ती कलमं काय जुळायची न्हाईत.”

“जुळली, आजोबा. मी कलमांच्या सांध्यातली प्रोटीनं तपासली.”

“डाळीत असत्यात ती?”

“तसलीच. झाडही बनवतं. बांधल्यावर तिसऱ्या दिवशी खालचा खुंट आणि वरची काडी, दोघंही हल्ला झाल्यासारखी प्रोटीनं बनवत होती.”

“म्हंजे माझ्यावर चिडली हुती की!”

“चिडलीच होती. बाराव्या दिवशी मात्र ती प्रोटीनं कमी झाली आणि पाणी न्यायच्या नळ्या घडवणारी वाढली. काप वाकडा होता तिथं तर जास्तच. मधली फट दोघांनी आपणहून भरून काढली.”

“आपनहून? मग चाळीस वर्सं मी काय करत हुतो?”

“त्यांची गाठ घालून देत होता.”

आजोबांनी दोन बोटं एकमेकांना टेकवून पाहिली.

“त्यास्नी कसं कळतं गं, की ह्यो वैरी न्हाय?”

“ते अजून कुणालाच नीट माहीत नाही.”

“आन् ती कलमं? लावली न्हवं कुटंतरी?”

“खलात वाटली, आजोबा. प्रोटीन काढायचं तर सांधा वाटावाच लागतो.”

“जुळलेला?”

“जुळलेला.”

बस आली. शकुंतलाबाई उठल्या नाहीत.

“उद्या ये, पोरी. अजून एक बांधून देतो. पर ते तपासायचं न्हाय. वाढू द्यायचं.”