तनयाच्या नावावर

नाव वासुदेव केशव ओगले, वय ७७ वर्षे, धंदा काही नाही, सहकारी बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त. राहणार विश्रामबाग, सांगली. सध्या मुक्काम मुलाकडे, गेर्लिंगेन, स्टुटगार्टजवळ. दिनांक १७ मे २०१६, सकाळी साडेदहा. दुभाषी श्रीमती कादंबरी वैद्य.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो असून माझे म्हणणे मराठीत सांगत आहे. ज्याच्यावर तक्रार आहे तो शिरीष माझा मुलगा असल्याने मी काही न सांगता घरी जाऊ शकतो, असे अधिकारी श्री. क्राउस यांनी मला दोनदा समजावले. मला ते पहिल्या वेळेलाच कळले होते.

शिरीष येथे पंधरा वर्षांपासून इंजिनिअर म्हणून नोकरीस आहे. घरी त्याची पत्नी ऊर्मिला. त्यांना एकच मुलगी, तनया, वय १९. ती जन्मापासून अपंग आहे. चाकाच्या खुर्चीत असते, उजवा हात उघडत नाही, बोलणे सवयीच्या माणसाला कळते. मराठी तिला सगळे समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. अठरा पूर्ण झाल्यावर ती गावातच तिच्यासारख्या सहा जणांच्या घरात राहायला गेली. तिथला खर्च समाजकल्याण कार्यालय देते. त्यासाठी शिरीषने डिसेंबर २०१४ मध्ये अर्ज भरला. तनयाच्या नावावर देशात किंवा परदेशात बचत आहे काय, या प्रश्नापुढे त्याने नाही लिहिले. ते खोटे निघाले, म्हणून ही तक्रार झाली आहे.

त्याबाबत सांगतो की, बचत होती आणि ती मी केली होती. सन २००३ पासून दर महिन्याच्या तीन तारखेला मी माझ्या पेन्शनमधून चार हजार रुपये तनयाच्या नावावर ठेवत आलो. बँक माझीच, मी नोकरी केली तीच. अपंग मुलाच्या नावावर ठेव असेल तर तिचे व्याज आईबापाच्या उत्पन्नात धरत नाहीत, असे आमच्याकडचे कलम आहे. चौतीस वर्षांत मी सरकारची पुष्कळ कलमे पाहिली, त्यात एवढे एकच मला माणसाने लिहिलेले वाटले. त्या ठेवीला मी तनयाचे करमुक्त खाते म्हणत असे. चार लोकांत अभिमानाने सांगतही असे. हे विचारले नव्हते, तरी लिहावे.

सन २०१२ च्या दिवाळीत शिरीषचा फोन आला. येथील पालकांच्या एका सभेत त्याला कळले होते की अपंग माणसाच्या स्वतःच्या नावावर सव्वीसशे युरोंच्या वर काही असेल, तर आधी ते संपवावे लागते, मग मदत मिळते. तो म्हणाला, "बाबा, तिच्या नावावर काही ठेवू नका. असेल ते बंद करा." मी म्हणालो, "बरं, करतो." जानेवारीत त्याने पुन्हा विचारले. मी सांगितले, "बंद केलं."

मी बंद केले नव्हते. का, असे विचारल्यावरून सांगतो की, मला ते पटले नाही. ज्या पोरीला पळता येत नाही तिच्या नावावर चार पैसे असू नयेत, हा कायदा कोणत्याही देशाचा असेल असे मला वाटले नाही. शिरीषने काहीतरी अर्धवट ऐकले असेल, त्याला बँकेतले काय कळते, असा माझा समज होता. शिरीषने अर्ज भरला तो माझ्या शब्दावर. शिरीषला काही माहीत नव्हते.

गेल्या फेब्रुवारीत मी येथे आलो तेव्हा तिचे पासबुक सोबत आणले. तनया आता सज्ञान झाली, तिचे तिच्याकडे असावे, एवढाच विचार. शिरीषला दाखवले नाही. तनयाला दिले. त्यावर तिचा फोटो आणि नाव आहे. तिने ते खुर्चीच्या पिशवीत ठेवले आणि मला सोडून कोणाला दाखवले नाही, कारण तसे मीच सांगितले होते.

दिनांक ९ मार्च रोजी तिच्या राहत्या घरी वार्षिक बैठक झाली. कार्यालयाच्या बाई, शिरीष, ऊर्मिला, तिथल्या एक कर्मचारी आणि मी हजर होतो. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, आईवडिलांना नको, मी तनयालाच विचारते, विषय तिचा आहे. त्यांनी विचारले, तुझे स्वतःचे असे काय काय आहे? तनयाने पिशवीत हात घातला. डाव्या हाताने पासबुक काढायला तिला वेळ लागतो. ऊर्मिला मदतीला उठली तर बाई म्हणाल्या, करू दे तिचे तिला. मला दिसत होते काय निघणार आहे ते. मी हातभर अंतरावर बसलो होतो. मी काही केले नाही. तिने पासबुक टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "गेहर्ट मिअर." म्हणजे, हे माझे आहे. इतके स्पष्ट बोलताना मी तिला पूर्वी ऐकले नव्हते. बाईंनी पाने उलटली, रक्कम पाहिली आणि शिरीषकडे पाहून म्हणाल्या की त्यांना हे कळवावेच लागेल.

घरी आल्यावर शिरीष एवढेच म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात बंद केलं." मी म्हणालो, "म्हणालो होतो." तो प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी घेऊन खाली गेला. त्या दिवशी पिवळ्या पिशव्या नेण्याचा वार नव्हता.

त्याने आपल्या जबाबात माझे नाव घेतले नाही, हे मला आज येथे कळले.

त्या रकमेचे पुढे काय, असे मी श्री. क्राउस यांना विचारले. ते त्यांचे काम नाही, पण त्यांनी सांगितले. सव्वीसशे युरो ठेवून बाकी सगळे तनयाच्या राहण्याच्या खर्चात जाईल. माझे तेरा वर्षांचे पेन्शन म्हणजे तिच्या तिथल्या राहण्याचे साडेतीन महिने. भागाकार मीच करून दिला. ते कॉफी घेता का म्हणाले. मी नको म्हणालो.

शिरीषच्या वकिलांनी काल बजावले आहे की यापुढे तनयाला मिळणारा वारसाही याच वाटेने जाईल. इथल्या मृत्युपत्रात त्यावर काही तोड असते, सांगलीतल्या मृत्युपत्राचे ते सांगू शकत नाहीत, म्हणून खात्री होईतोवर त्यात तनयाचे नाव नको. म्हणून आज येथे येण्यापूर्वी मी सांगलीला माझे वकील श्रीरंग बापट यांना फोन केला आणि मृत्युपत्रातून तनयाचे नाव काढायला सांगितले. माझी कैलासवासी पत्नी मनोरमा हिने आपल्या पाटल्या तनयाला म्हणून काढून ठेवल्या होत्या. त्याही आता माझ्या मुलीच्या मुलीकडे जातील. बापट म्हणाले, "एका नातीला वगळताय, उद्या कोणी हरकत घेईल. कारण काय लिहू?" मी म्हणालो, "अपंग आहे म्हणून, असं लिहा."

सदर जबाब कादंबरीबाईंनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी तो पूर्ण ऐकला. मी सांगितले तेवढेच आणि तसेच त्यात आले आहे. शिरीषला काही माहीत नव्हते, हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचून घेतले आणि मग खाली सही केली.