दारातली रांगोळी

मंगळवारचा उपास धरून सुभद्राकाकू नातीच्या पोहण्याच्या शिबिराचा अर्ज घेऊन रांगेत जप करत उभ्या होत्या. पुढं दोघी बोलत होत्या.

“करुणा, परत आलीस व्हय गं?”

“आलो की, पारूमावशी. गरिबाच्या पोरांस्नी फुकट हाय, पण घराचा फोटो लागतोय. दारात पोरगी उभी पायजे.”

“दिलतीस की गेल्या खेपंला.”

“दिलतो. आमच्या पोरीनं, सोनमनं, दार सारवलं, रांगोळी घातली, शेजारणीचा पडदा मागून आणून लावला. साहेब म्हणालं, ह्ये गरिबाचं घर वाटत न्हाय.”

“आगं बया! फोटो काढायचा म्हटल्यावर कोण घर पसरून ठेवतंय?”

“मग काल पडदा काढला, रांगोळी पुसली, भांडी दारात टाकली.”

“आन् पोरगी?”

“उभीच ऱ्हायली न्हाय. म्हणाली, पवायला नको मला, पण ह्ये आपलं घर न्हवं.”

काकूंचा जप मध्येच थांबला. रांग खिडकीपाशी आली.

“मग आता काय दावणार?”

“पयलाच फोटो आणलाय.”

आतून साहेबांचा हात बाहेर आला. “हाच फोटो परत? बाई, तुम्हाला सांगितलं होतं ना?”

“व्हय, साहेब. पडदा शेजारणीचा हाय, त्यो धरू नका. रांगोळी तेवढी आमची हाय.”