उस्तादांनी नापास केलेली जीप

आदरणीय अध्यक्ष साहेबराव अण्णा, जालन्याहून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, पालक, विद्यार्थी आणि आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे उस्ताद पाशामियाँ,

आधी पाहुण्यांची क्षमा मागतो. आमच्या आयटीआयच्या मुलांनी भंगारातून उभ्या केलेल्या जीपमधून त्यांना भोकरदनच्या बाजारातून मिरवत आणायचं ठरलं होतं. हार घातलेली ती जीप बाहेर उभी आहे आणि पाहुणे चालत आले.

सकाळी उस्ताद जीपखालून निघाले, हात पुसले आणि म्हणाले, "बिलकुल न्हाई. ब्रेक दाबला की डावीकडं ओढून राह्यलीय."

"अहो, बँडवाले आलेत!" मी ओरडलो.

"मंग त्यांच्यामागं चाला की, सर. पाय बराबर हायेत ना?"

मी चिडलो, कबूल करतो. ब्रेक बसवणारी आकांक्षा तर रडायलाच लागली.

पण मला वीस वर्षांपूर्वीचं याच सभागृहातलं माझं भाषण आठवलं. विषय होता स्वदेशी रणगाडा 'अर्जुन'. चौऱ्याहत्तर साली मंजुरी आणि पहिले रणगाडे लष्कराच्या हाती दोन हजार चारला! 'कोण अडवतंय आपल्या अर्जुनला?' मी टेबल बडवून विचारलं. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर सैन्यातून निवृत्त होऊन नुकतेच इथे शिकवायला आलेले पाशामियाँ समोर.

"सर, अडवणाऱ्यांत मीबी हाये. चाचणीत चालवायचो, खटकलं ते लिहून द्यायचो. साहेब लोक नाराज व्हायचे. पण आत चार माणसं बसणार ना?"

मंडळी, त्या दिवसापासून मी टेबल जपून बडवतो. 'स्वदेशी' म्हटलं की टाळ्या मिळतात. टाळ्यांनी पोलाद मजबूत होतं का? आपल्याच माणसांनी बनवलेल्या यंत्राला तोंडावर 'नाही' म्हणायला जी निष्ठा लागते, ती माझ्या त्या भाषणात नव्हती.

आता शेवटचं. मघाशी उस्ताद आकांक्षाला म्हणाले, "नापास म्हंजे फेकून दे असं न्हाई, बेटा. रणगाड्याला तीस वर्षं लागली, तुला तीन दिवस लागतील. सोमवारी येतो, जीप उघडून ठेव."

त्यांची नोकरी आज संध्याकाळी संपते. सोमवारी ते कोणत्या नात्याने येणार, हे मी विचारलं नाही.

पाहुण्यांचे, पायपिटीसकट, आभार. माझ्या बोलण्यात काही डावीकडे ओढलं गेलं असेल, तर उस्ताद, तेही नापास करा. दुरुस्त करून आणीन.