भुईला पाठ

२१ फेब्रुवारी २००३, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. महाडच्या दवाखान्यात मी दर शुक्रवारी फिजिओथेरपिस्ट म्हणून बसते. समोर अनसूयाबाई, वय अंदाजे अठ्ठावन्न, वरंधच्या वरच्या एका वाडीत राहणाऱ्या. कंबरदुखी चार वर्षांची, उपचारांचा सहावा आठवडा. शून्य म्हणजे दुखणे नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मापावर त्यांनी सांगितलेला आकडा आठावरून दोनवर आला होता. त्या आधारे उपचार आता थांबवू, असे मी त्यांना सांगितले. उठताना मात्र त्यांनी टेबलाची कड धरली. व्यायाम खरोखर होतात का, असे मी विचारले. पुढील निवेदन त्यांचे आहे.

माजा जल्मच वाडीवरचा, बाय. दिली तीबी वरच्याच वाडीत, म्हंजे पान्याचा हंडा आन गवताचा भारा काय सुटला नाय. तवा तेरा घरं व्हती. आता धूर निघतो दोन चुलींतनं, एक माजी आन एक सखूवयनींची, आन वयनींना ऐकू येत नाय, मग बोलायचं कुनाशी, तर म्हशींशी. दोन हायत. त्यांना मी आज काय कालवन केलं तेबी सांगते. हसू नका, त्या कान तरी हलवतात, वयनी तेवढंबी करत नायत.

काय सांगू तुम्हाला, गनपतीला ल्योक आला मुंबयवरनं, म्हनाला, आये, शिमग्याला परत येतो, तवर कंबर बरी नाय झाली तर म्हशी इकू, घराला कुलूप घालू, तू चल माज्यासंगं. त्याचं चुकत नाय वो. पन त्याच्या खोलीत मी करू काय? सून कामाला, पोरं शाळंत, दार लावून बसायचं. हितं एकली हाय ती माज्या घरात एकली हाय.

तुम्ही कागुद दिलात, चित्रं काढून, भुईवर उताणं पडा, गुडघे दुमडा, कंबर उचला. पयल्या दिवशी मधल्या घरात वाकळ हातरली, पडले, आन आढ्याकडं बघितलं तशी ध्यानात आलं, बाय, ह्याच जाग्यावर मालकांना निजवलं व्हतं, न्यायच्या आदी. आमच्यात भर दिवसा धडधाकट मानूस असं उताणं पडत नाय. तेवढ्यात वयनी दारात. मला तशी बघितली आन जी बोंब ठोकली, पन ऐकाया वाडीत होतं कोन? मीच ऐकली, आन मीच उठून त्यांना पानी दिलं.

तवापासनं कागुद फळीवर. आन हितं आले की तुम्ही म्हनायच्या, आकडा सांगा. पयला आठ खरा व्हता. मग सहा सांगितला, तुम्ही मान डोलावलीत. चार सांगितला, तुम्ही हसलात. एवढी शिकलेली पोर माज्यावर खूश व्हतेय, तर आकडा चढवू कसा? आन दोन लिवलेला कागुद ल्योकानं बघितला की म्हशी ऱ्हातील, हे माजं गनित. पन आज तुम्ही म्हनालात, आता यायची गरज नाय, तवा ते गनित फसलं. शुक्कर्वार गेला म्हंजे मानसाशी बोलायचा वारबी गेला.

आता तुम्ही म्हनताय, चूक तुमचीच, घरात कसं जमंल हे तुम्ही इचारलंच नाय. म्हनताय, भुई सोडा, गोठ्याच्या मेढीला, खांबाला, पाठ लावून हुब्या ऱ्हा, कंबर मागं दाबा, धा वेळा, आन भारा अर्धा करून दोन खेपा घाला. हे जमंल. म्हशी बघतील, बघू देत. शिमग्याला ल्योकाला कागुद खराच दावीन, मग तो म्हनंल ते. तुमचं भलं होवो, बाय, तुम्ही रागावला नाय. आता तो दोन खोडा. सात लिवा.

अकरा वाजून वीस मिनिटे. उपचार पुढे चालू, पुढील भेट शुक्रवारी. वेदना: सात.