बागेतली खोली

सौदीतल्या खमीस मुशैतच्या दवाखान्यात, बायका आणि कुटुंबांसाठी राखलेल्या बाजूला, रत्नागिरीची जुबेदा नंबराची वाट पाहत बसली होती. हात गळ्यात बांधलेली एक म्हातारी आणि तिचा मुलगा शेजारी येऊन टेकले. त्यांचं मराठी ऐकताच जुबेदानं वळून पाहिलं आणि कान टवकारले.

"दुखतंय का, आई?"

"ते राहू दे. ज्ञानेश, माझ्या खोलीच्या भिंतीत काय भरलंय म्हणालास?"

"फोम. चांगला जाड थर आहे. बागेत असली तरी बारा महिने राहता येईल. थंडी आत येणार नाही."

"आणि आतला आवाज?"

"तोही बाहेर जात नाही. तुझ्या खोकल्यानं मुलं जागी व्हायची ना, म्हणून तुझी सूनच म्हणाली..."

"तरीच. काल पडले तेव्हा किती हाका मारल्या तुला."

"अगं, आम्ही सगळे घरातच होतो!"

"ठाऊक आहे. दाराच्या काचेतून दिसत होतात. जेवायला बसला होतात."

"उद्याच बेल बसवून घेतो, आई. बटण अगदी तुझ्या उशाशी."

"बेल पाहुणे वाजवतात रे."

तेवढ्यात नर्सनं नाव पुकारलं. ज्ञानेशनं झटकन उठून आईपुढे हात केला. म्हातारीनं तो पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि ती जुबेदाकडे वळली.

"बाई, तुम्हाला मराठी कळतं ना? मला जरा हात द्या."